अडतीस आटे

पहाटे चारला बाबा लोखंडी चावी खांद्यावर घ्यायचे.
छातीइतकी उंच, वर आडवी मूठ.
मातारपाखाडीतली म्हातारी फिलोमिना
एकदा त्यांना धुक्यात उतरताना बघून
छातीवर क्रूस काढून मोकळी झाली होती.

शिवराम गोताड, पाणी खातं, चावीवाला.
हौद टेकडीच्या पोटात, वर बाग.
बागेत माणसं वजन कमी करायला यायची,
पायाखाली पाणी झोपलंय
हे त्यांच्या गावीही नसायचं.

झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची,
खोबणीत बसली की मनगटाला कळतं.
मग फिरवायची. आमच्या गल्लीला अडतीस आटे.
सदतीसला वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार,
एकोणचाळीसला खालच्या वस्तीतला जुना पाइप फुटणार.
हे कुठल्या वहीत नव्हतं.
त्यांना कदमांनी सांगितलं,
कदमांना गोऱ्या साहेबाच्या वेळच्या एका बिगाऱ्याने,
त्याचं नाव कदमांनाही आठवत नव्हतं.

झाकणावर उठावाची इंग्रजी अक्षरं होती,
कुठल्यातरी लांबच्या ओतशाळेचं नाव.
शंभर वर्षं चपला, टायर, हातगाड्या.
आता चाचपलं तर फक्त एक 'ओ' लागायचा,
तोही भोक म्हणून खपला असता.
बाबा त्यावरून बोट फिरवायचे. दर वेळी.
मी कधी विचारलं नाही.

सत्त्याऐंशी साली नवीन चेंबर बांधला.
सिमेंट ओलं होतं. खिळ्याने त्यांनी कोरलं: शि. गो.
आणि कुणी बघत नाही असं बघून
खाली माझं नाव. मी दीड वर्षाची.
पाच महिन्यांनी टेलिफोनवाल्यांनी रस्ता खणला.
त्या रात्री जेवताना ते म्हणाले,
मीठ कमी आहे.
आईने चाखून बघितलं.
मीठ बरोबर होतं.

गल्लीने त्यांचं नाव एकदाच घेतलं.
आत्याच्या तेराव्याला ते गुहागरला गेलेले,
बदलीवाल्याने चावी उलटी फिरवली,
दोन दिवस नळ कोरडे.
तिसऱ्या मजल्यावरून पळसुलेबाई ओरडल्या,
कुठे मेला तो गोताड?
परतल्यावर हे त्यांना कळलं.
आठवडाभर आल्यागेल्याला सांगत होते,
बाईंच्या आवाजात,
कमरेवर हात ठेवून.

मी सीप्झमध्ये काम करते.
बँकांचे जुने कागद संगणकात जपून ठेवायचं काम.
'कायमस्वरूपी' असं फाइलवर लिहिलेलं असतं.
कायमस्वरूपी म्हणजे सात वर्षं.
मग एका शुक्रवारी मी बटण दाबते
आणि चहा प्यायला जाते.
बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं,
सात वर्षांत कुणी मागतं का त्यातलं काही?
म्हटलं, एकदा एका बाईला नवऱ्याची सही हवी होती.
पैशांचं नव्हतं काही,
नुसती बघायची होती.
मिळाली?
मिळाली.
मग ठीक आहे, म्हणाले, आणि कूस बदलली.

आता त्यांचे गुडघे गेलेत,
चावी दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर.
तरी पहाटे, मी मोरीत दिवा लावायच्या आधी,
चादरीखाली त्यांचं मनगट हलायला लागतं.
नळ आधी खोकतो,
मग नुसती हवा, मग गंजाचा एक घोट,
मग पाणी.
मी हंडा लावते.

छत्तीस, ते अंधारातून म्हणतात.
पोरगा घाई करतो.

खरंच धार बारीक आहे.
मोटर लावू का, मी विचारते.
थांब जरा.

आम्ही दोघं थांबतो.
हंडा तळातून वाजत असतो,
पळसुलेबाईंच्या सुनेची बादली वर सरकते,
आणि खाली रस्त्यावर
लोखंडावर लोखंड घासत
झाकण पुन्हा उचलल्याचा आवाज येतो.